अभिप्राय द्या, पण फ्रेमवर बोट ठेवून

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संस्थांनी स्वतःचे प्रशिक्षणपट आणि माहितीपट कसे तयार करावेत, यावरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. कॅमेरा कोणता घ्यावा, आवाज कसा नोंदवावा, संगीताचे हक्क कसे सांभाळावेत, हे सगळं त्यात नीट आलं आहे. पण एडिट झालेली फिल्म जबाबदार माणसांना दाखवून त्यांच्या सूचना घ्यायच्या, हा टप्पा लेखात एका ओळीत उरकला आहे. मी बरीच वर्षं माहितीपट आणि प्रशिक्षणपटांचं संकलन करते आहे. चांगल्या फिल्मची माती होताना मी पाहिली आहे ती बहुतेक वेळा याच टप्प्यावर, म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे, पण यातले तपशील गाळून बोललं तर त्याचा कोणालाच उपयोग होणार नाही.

माझं म्हणणं असं की फिल्म पाहून सूचना देणारा माणूस संकलनाच्या कामातला भागीदार आहे. त्यानं योग्य प्रत पाहावी, आधी सलग पाहावी आणि मग आपलं म्हणणं नेमक्या फ्रेमवर, म्हणजे फिल्ममधल्या त्या एका स्थिर चित्रावर, नोंदवावं. ती प्रत त्याच्यापर्यंत नीट पोचवणं ही संकलकाची जबाबदारी आहे आणि त्यासाठी वेळापत्रकात वेगळा वेळ धरायला हवा.

ऑक्सिजन सिलिंडर कसा हाताळावा, यावरच्या एका प्रशिक्षणपटाचं उदाहरण देते. फिल्मची पहिली प्रत संबंधित संस्थेनं मेसेजिंग अ‍ॅपच्या ग्रुपवर मागितली होती. तिथे सूचना आल्या त्या अशा : 'तो व्हॉल्व्ह फिरवतो ना, तिथे काहीतरी खटकतंय.' फिल्ममध्ये व्हॉल्व्ह अनेकदा फिरवला जातो. एका डॉक्टरांनी लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. बोलताना ते फिल्म बघत होते, पण त्यांच्या पडद्यावर त्या क्षणी काय चाललं आहे हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. आणखी एकांनी जे बदल सुचवले ते आधीच्या प्रतीवरचे होते, कारण त्यांच्या फोनमध्ये तीच राहिली होती. कोणी म्हणालं की दाबमापकाचा काटा दिसत नाही, ते दृश्य परत चित्रित करा. मूळ फुटेजमध्ये काटाच काय, त्यामागचे आकडेही स्पष्ट होते. अ‍ॅपनं व्हिडिओ दाबून लहान करताना ते बारकावे पुसून टाकले होते. चित्रीकरणाचं पथक पुन्हा बोलवायची तयारी सुरू झाली होती, तीसुद्धा मुळात नसलेल्या दोषासाठी.

पुढची प्रत मी एडिटिंग सॉफ्टवेअरमधूनच ऑनलाइन रिव्ह्यू प्लॅटफॉर्मवर, म्हणजे फिल्म पाहता पाहता तिच्यावर सूचना लिहिता येतात अशा सेवेवर, चढवली आणि सगळ्यांना एकच लिंक दिली. संस्थेच्या बायोमेडिकल इंजिनिअर बाईंनी ती लॅपटॉपवर पाहिली. एका जागी थांबून त्यांनी तंत्रज्ञाच्या हातमोज्याभोवती लाल वर्तुळ काढलं आणि कॉमेंट लिहिली : 'हा डाग तेलाचा वाटतो. या हातानं व्हॉल्व्हला स्पर्श दाखवू नका.' उच्च दाबाच्या ऑक्सिजनच्या संपर्कात तेल किंवा ग्रीस आलं तर ते पेट घेऊ शकतं. सिलिंडर हाताळणाऱ्याला हा नियम सर्वांत आधी शिकवतात. तो डाग पडद्यावर जेमतेम सेकंदभर दिसत होता. ग्रुपवरच्या गर्दीत 'हातमोजे बघा जरा' एवढंच आलं असतं, तर आम्ही दुसऱ्याच कुठल्या हातमोज्याकडे पाहत बसलो असतो. कॉमेंट फ्रेमवर होती, म्हणून तो शॉट निघाला.

ही शिस्त काही इंटरनेटनं आणलेली नाही. मी या कामात आले तेव्हा रिव्ह्यूसाठी व्हीएचएस कॅसेट जायची आणि चित्राच्या खालच्या पट्टीत टाइमकोड छापलेला असायचा : तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. दिग्दर्शक वही घेऊन बसायचे, डाव्या रकान्यात टाइमकोड आणि उजव्या रकान्यात सूचना. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, 40 मिलिसेकंद. एवढ्या बारीक जागेवर दोन माणसं दोन वेगळ्या ठिकाणी बसून एकमेकांशी बोलू शकत होती, कारण दोघांकडे आकडा एकच होता. शिवाय कॅसेट एक, वही एक, त्यामुळे कोण कुठल्या प्रतीबद्दल बोलतंय हा प्रश्नच नव्हता. मग डीव्हीडी आल्या, मग फाइल पाठवायच्या लिंक आल्या आणि पाठवणं सोपं होता होता ती वही हरवली. रिव्ह्यू प्लॅटफॉर्मनं ती परत आणली, याचा मला मनापासून आनंद आहे.

आज ही साधनं जवळजवळ प्रत्येक संकलकाच्या हाताशी आहेत. रिव्ह्यूसाठीचं फ्रेम डॉट आयओ 2014मध्ये सुरू झालं. 2021मध्ये अ‍ॅडोबीनं ते 127.5 कोटी डॉलरला विकत घेण्याचं जाहीर केलं आणि 2022पासून प्रीमियर प्रो आणि आफ्टर इफेक्ट्स या त्यांच्या सॉफ्टवेअरच्या वर्गणीतच ते मिळू लागलं. फायनल कट प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये 2018च्या अखेरीस एक्स्टेन्शनची सोय आली आणि टाइमलाइनच्या (फिल्मचे तुकडे ओळीनं मांडायच्या पट्टीच्या) शेजारीच अशा सेवांची खिडकी उघडता येऊ लागली. दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमधूनही ब्लॅकमॅजिक क्लाउड, ड्रॉपबॉक्स रिप्ले यांसारख्या सेवांकडे थेट जाता येतं. व्हिमिओवरही रिव्ह्यूची सोय आहे. सगळ्यांचं सूत्र साधारण सारखं : सॉफ्टवेअर सिक्वेन्सची, म्हणजे टाइमलाइनवर जुळवलेल्या फिल्मची, फाइल बनवतं, ती तुकड्या-तुकड्यांनी वर जाते, प्लॅटफॉर्म तिच्या वेगवेगळ्या आकारांच्या हलक्या प्रती करतो, पाहणारा ब्राउझरमध्ये पाहतो आणि त्याची कॉमेंट त्या फ्रेमला चिकटते. मग ती कॉमेंट माझ्या टाइमलाइनवर मार्कर, म्हणजे खूण, म्हणून उतरते. मी कॉमेंटवर क्लिक करते, प्लेहेड (टाइमलाइनवरची चालू जागा दाखवणारा काटा) तिथे जाऊन उभा राहतो. कोणती सेवा घ्यावी यावर मी वाद घालणार नाही. ज्या सॉफ्टवेअरवर तुमचा संकलक काम करतो त्याच्याशी जी नीट जुळते ती घ्यावी.

आता अपलोडबद्दल. बाहेरच्या माणसाला वाटतं की बटण दाबलं की झालं. हिशोब करून पाहा. दहा मिनिटांची फुल एचडी फिल्म, सेकंदाला 25 फ्रेम, प्रोरेस 422 या जड फॉरमॅटमध्ये काढली तर तिचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, सुमारे 122 मेगाबिट असतो, म्हणजे फाइल सुमारे 9 गिगाबाइटची. अपलोडचा वेग सेकंदाला 20 मेगाबिट असेल तर ती चढायला तासभर लागतो. तीच फिल्म एच.264 या बरंच दाबणाऱ्या फॉरमॅटमध्ये 10 मेगाबिटनं काढली तर 750 मेगाबाइट होते आणि पाच मिनिटांत चढते. कथेची लय, मजकूर, नावं, तथ्यं तपासायला ही दुसरी प्रत पुरेशी आहे. रंगांचं अंतिम काम किंवा व्हीएफएक्सच्या (संगणकावर केलेल्या दृश्यपरिणामांच्या) कडा तपासायच्या असतील तेव्हाच जड प्रत चढवावी. अनेक जोडण्यांमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो आणि इंटरनेट कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाइलचा आकार आपण मेगाबाइटमध्ये वाचतो. आठ बिटांचा एक बाइट. हा भागाकार न केल्यामुळे 'सहापर्यंत लिंक देते' असं सांगून नऊपर्यंत अडकून पडलेली तरुण मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांच्यावर ओरडणारे निर्मातेही पाहिले आहेत.

तरुण संकलकांना माझं सांगणं आहे की अपलोड चालू असताना लॅपटॉप झोपू देऊ नका, ब्राउझरमधून चढवत असाल तर तो टॅब बंद करू नका आणि फाइल वर गेली की लिंक लगेच पुढे पाठवू नका. आधी ती स्वतः, दुसऱ्या यंत्रावर, हेडफोन लावून पूर्ण पाहा. शेवटची फ्रेम आहे का, लांबी सिक्वेन्सएवढीच आहे का, आवाज दोन्ही कानांत येतो का, मध्येच कुठे 'मीडिया ऑफलाइन'ची लाल पाटी तर नाही ना. एक्स्पोर्ट करताना, म्हणजे फाइल बाहेर काढताना, इन आणि आउटच्या (कुठून कुठपर्यंत काढायचं त्या) खुणा चुकीच्या जागी राहिल्या तर फिल्म मध्येच तुटते आणि पाहणाऱ्याला वाटतं की तुम्ही शेवट असाच केला आहे. पहिल्यांदा पाहताना मनावर जो ठसा उमटतो तो एकदाच मिळतो. तुटकी प्रत पाठवून तो वाया घालवला तर दुरुस्त लिंक पाठवून परत मिळत नाही.

इथेच आणखी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण संस्थांचे लोक अनेकदा 'सगळं प्रोजेक्टच अपलोड करा' असं म्हणतात. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये सहसा फुटेज नसतंच. कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत घेतली, तिच्यावर कोणते इफेक्ट आहेत, याची ती नोंद असते. प्रीमियरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे दाबून लहान केलेली एक्सएमएल मजकुराची फाइल आहे. फुटेज शेकडो गिगाबाइट असलं तरी ती त्या मानानं अगदी छोटी राहते. ती पाहणाऱ्याला पाठवून त्याला काहीही दिसणार नाही. रिव्ह्यूला जाते ती रेंडर झालेली, म्हणजे सगळं एकत्र होऊन एक व्हिडिओ फाइल बनलेली फिल्म. प्रोजेक्ट दुसऱ्या संकलकाच्या हाती द्यायचं असेल तर फुटेजसकट बांधून द्यावं लागतं. रिझॉल्व्हमध्ये त्यासाठी प्रोजेक्ट आर्काइव्हची सोय आहे, प्रीमियरमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर आहे. ही दोन कामं वेगळी आहेत आणि त्यांना लागणारा वेळही वेगळा आहे.

टाइमकोडचा घोळ बाहेरच्यांना दिसत नाही, पण तो सूचना चुकीच्या जागी नेऊन ठेवतो. पुष्कळ संकलक सिक्वेन्स 01:00:00:00पासून सुरू करतात. एच.264ची एमपी4 फाइल सहसा टाइमकोडचा ट्रॅक सोबत नेत नाही, म्हणून प्लॅटफॉर्म शून्यापासून मोजायला लागतो. फोनवर बोलताना एकजण म्हणतो 'चार मिनिटं बारा सेकंद', दुसरा एक तास चार मिनिटं शोधत असतो. सेकंदाला 29.97 फ्रेमचं काम असेल तर ड्रॉप फ्रेम (घड्याळाशी जुळावं म्हणून मोजणीतले काही आकडे गाळणारा टाइमकोड) आणि नॉन-ड्रॉप (न गाळणारा) यांतला फरक तासाभरात 3.6 सेकंदांवर जातो. म्हणून मी कामाच्या पहिल्याच दिवशी फ्रेम रेट आणि सुरुवातीचा टाइमकोड सगळ्यांना लिहून कळवते, आणि रिव्ह्यूच्या प्रतीवर कोपऱ्यात बारीक अक्षरात टाइमकोड छापते. कोणी म्हणतं की प्लॅटफॉर्म असताना याची गरज काय. गरज आहे : कोणीतरी पडद्याचा फोटो काढून पाठवतंच, आणि मग त्या फोटोत फ्रेमचा पत्ता असतो.

लिंक पाठवली की मी त्या सिक्वेन्सला कुलूप घालते आणि पुढचं काम त्याच्या प्रतीवर करते. कॉमेंट्स दोन-तीन दिवसांनी येतात. तोवर सुरुवातीचा दहा सेकंदांचा तुकडा काढून टाकला असेल तर उतरलेले सगळे मार्कर दहा सेकंदांनी चुकतात. आधी जुन्या सिक्वेन्सवर मार्कर उतरवावेत, तिथे वाचावेत, मग नव्यावर बदल करावेत. प्रतींना क्रमांक द्यावेत आणि नवी प्रत प्लॅटफॉर्मवर जुनीच्या वर रचावी, म्हणजे लिंक तीच राहते, उघडणाऱ्याला ताजी प्रत दिसते आणि आधीची मागे जपलेली असते. 'फायनल' हा शब्द फाइलच्या नावात कधीही घालू नये.

आता ज्यांच्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिते आहे, त्या पाहणाऱ्यांकडे वळते.

पहिल्यांदा फिल्म न थांबता, न लिहिता, शेवटपर्यंत पाहा. प्लॅटफॉर्मची सोय इतकी चांगली आहे की माणूस पहिल्या मिनिटापासून थांबून टिपायला लागतो. अशानं पाहणाऱ्याच्या हाती चाळीस बारीकसारीक सूचना येतात आणि मोठी गोष्ट निसटते. मधला भाग रेंगाळतो आहे, मुख्य मुद्दा फार उशिरा येतो, शेवटी जे सांगितलं आहे त्याला आधी आधारच दिलेला नाही, या गोष्टी कुठल्याच एका फ्रेममध्ये नसतात. त्या सलग पाहतानाच जाणवतात. पहिल्या पाहण्यानंतर सगळ्यात वरती, फिल्मच्या सुरुवातीच्या फ्रेमवर, चार-पाच ओळींत एकूण मत लिहा. मग दुसऱ्यांदा थांबत थांबत पाहा. ज्या रिव्ह्यूमध्ये मला हे एकूण मत मिळालं, त्या प्रत्येक वेळी पुढच्या बारीक सूचनांचा अर्थही नीट लागला.

कॉमेंट लिहिताना थोडं मागे या. डोळ्याला काहीतरी खटकतं, हात माउसकडे जातो, तेवढ्यात एक-दोन सेकंद गेलेले असतात आणि वेगवान कटमध्ये तोवर पुढचा शॉट आलेला असतो. कॉमेंट त्या निरपराध शॉटवर बसते. काही प्लॅटफॉर्मवर कीबोर्डवरच्या डाव्या बाणानं एकेक फ्रेम मागे जाता येतं. सूचना एका शॉटबद्दल नसून एका प्रसंगाबद्दल असेल तर इथून इथपर्यंत असा पट्टा निवडता येतो, तो निवडा.

काय जाणवलं ते आधी लिहा. उपाय नंतर सुचला तर सुचवा. 'हा शॉट काढा' असं आलं की मी तो काढू शकते, पण तुम्हाला नेमकं काय खुपलं हे कळत नाही. कदाचित शॉट योग्यच असतो, त्याच्या आधीचं निवेदन लांबलेलं असतं. 'इथे मला वाटलं की ही बाई खोटं बोलते आहे' असं एका इतिहासाच्या प्राध्यापिकेनं एका मुलाखतीवर लिहिलं होतं. मुलाखत देणारी बाई खरंच बोलत होती. मी त्यांच्या उत्तरातला एक मोठा विराम लय राखण्यासाठी कापला होता आणि त्या कापलेल्या जागी त्यांचा चेहरा विचार न करता बोलणाऱ्या माणसासारखा दिसत होता. विराम परत घातला, शंका गेली. प्राध्यापिकेनं केवळ 'हे वाक्य गाळा' असं लिहिलं असतं तर फिल्ममधलं सर्वांत मोलाचं वाक्य गेलं असतं. अशी एक कॉमेंट मला पन्नास हुकुमांपेक्षा मोलाची वाटते.

पाहणारे पाच असतील तर मत पाच प्रकारचं असणार आणि ते असावंच. पण संकलकाकडे येण्याआधी त्या मतांचा निवाडा एका माणसानं करायला हवा. एकाच फ्रेमवर एक म्हणतो संगीत वाढवा, दुसरा म्हणतो संगीत काढून टाका, आणि दोघंही संस्थेचे वरिष्ठ. हा निवाडा माझ्यावर टाकणं अन्यायाचं आहे. मी कोणाचंही ऐकलं तरी दुसऱ्याचा अपमान ठरतो. संस्थेनं एक नाव ठरवावं. त्या व्यक्तीनं सगळ्या कॉमेंट्स वाचून, ज्या करायच्या नाहीत त्यांखाली तसं लिहून, उरलेल्या पक्क्या कराव्यात. मीही केलेल्या प्रत्येक सूचनेवर पूर्ण झाल्याची खूण करते आणि जी केली नाही तिच्याखाली कारण लिहिते. पुढच्या फेरीत तोच वाद पुन्हा उभा राहत नाही.

रंग आणि आवाज यांबद्दल मत देताना आपण कशावर पाहतो आहोत ते लक्षात ठेवा. एकच फाइल क्विकटाइम प्लेअरमध्ये, ब्राउझरमध्ये आणि एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये थोडी वेगळी दिसू शकते. विशेषतः मॅकवर गडद भाग फिके दिसण्याचा प्रश्न संकलकांना चांगला माहीत आहे. फोनवर प्लॅटफॉर्म आपोआप हलकी प्रत दाखवतो, तेव्हा 'चित्र धूसर आहे' असं लिहिण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन दर्जा वाढवून पाहा. रफ कटवर, म्हणजे कच्च्या जुळणीवर, रंगांचं कामच झालेलं नसतं. म्हणून मी लिंकसोबत एक छोटी चिठ्ठी जोडते : या प्रतीत काय पाहायचं, काय अजून कच्चं आहे, उत्तर कधीपर्यंत हवं.

शेवटी सुरक्षिततेचा विषय, ज्यावर संस्थांची बेफिकिरी मला खरोखर अस्वस्थ करते. प्रशिक्षणपटात रुग्ण असतात, माहितीपटात आपलं दुःख विश्वासानं सांगणारी माणसं असतात. त्यांनी संमती दिली ती पूर्ण झालेल्या फिल्मसाठी. कच्च्या कटमध्ये त्यांची अशी वाक्यं असू शकतात जी नंतर गाळायची ठरली आहेत. ती प्रत उघड्या लिंकवर फिरणं हा त्यांच्या विश्वासाचा भंग आहे. पासवर्ड घाला, डाउनलोड बंद ठेवा, लिंकला मुदत द्या, पाहणाऱ्याच्या नावाचा वॉटरमार्क मिळत असेल तर तो लावा. पडद्यावरून दुसऱ्या फोननं चित्रण करणाऱ्याला यातलं काहीच थांबवत नाही, पण निष्काळजीपणानं पुढे ढकलली जाणारी प्रत नक्की थांबते. काम संपल्यावर जुने कट प्लॅटफॉर्मवरून काढून टाका. आणि खातं संस्थेच्या नावावर ठेवा. वर्गणी संपली की तिथल्या फाइल तशाच राहतील असं गृहीत धरू नका; मूळ फुटेज, प्रोजेक्ट आणि अंतिम प्रत दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या जागी असायला हवी.

काही ज्येष्ठ तज्ज्ञांना हे सगळं जड वाटतं, त्यांची अडचण मला समजते. अनेक प्लॅटफॉर्मवर पाहणाऱ्याला खातं उघडावं लागत नाही. लिंक उघडून नाव लिहिलं की कॉमेंट करता येते. तेही जमत नसेल तर मी त्यांच्याशी फोनवर बोलत बोलत फिल्म सोबत पाहते आणि त्यांचं म्हणणं त्यांच्या नावानं फ्रेमवर टंकते, मग त्यांना वाचून दाखवते. यात वेळ जातो आणि तो वेळ मी कामातच धरते.

संस्थांना माझी विनंती आहे की व्हिडिओचं काम देताना करारात चित्रीकरणाचे आणि एडिटचे दिवस जसे लिहिता, तशा रिव्ह्यूच्या फेऱ्या किती, प्रत्येक फेरीला दिवस किती, सूचना पक्क्या करणारी व्यक्ती कोण आणि प्रती कोणत्या प्लॅटफॉर्मवर पाहायच्या, हेही लिहा. माध्यमशिक्षण देणाऱ्या संस्थांनीही विद्यार्थ्यांना कट करायला शिकवताना एकमेकांच्या फिल्मवर फ्रेमनिशी कॉमेंट लिहायला लावावं आणि त्या कॉमेंट्सना गुण द्यावेत. आपल्या पुरवणीत या विषयावर स्वतंत्र लेख येणार असेल तर एखाद्या तज्ज्ञ पाहणाऱ्यालाही लिहायला सांगा. संकलकाची बाजू मी मांडली आहे. लिंक उघडून बसलेल्या माणसाला आमच्याकडून काय हवं असतं, ते मलाही वाचायचं आहे.

कळावे,
आपली एक वाचक आणि संकलक